कोठी आणि रस्ता

लग्नघरचा आचारी कितीही चपळ असला, तरी पंगतीची गती एकट्या त्याच्या हाती नसते. चुलीशेजारच्या कोठीत तांदूळ, डाळ, तूप, गूळ मुबलक असले म्हणजे पंगतीमागून पंगत उठते. पण कोठी लहान असली आणि ऐन पंगतीत तूप संपले, तर माणूस बाजारात धाडावा लागतो. आणि मग बाजाराचा रस्ता रुंद आहे की अरुंद, ह्या एका गोष्टीवर यजमानाची अब्रू टांगलेली राहते. आज मी ज्याविषयी बोलणार आहे तो विषय स्वयंपाकघरातला नाही, संगणकातला आहे. परंतु त्याचे मर्म आचारी, कोठी आणि रस्ता ह्या तीन शब्दांत सामावलेले आहे.

विषय निघाला तो असा. आमच्या बेळगावात शिवणकामाचे लहानसे दुकान चालवणारे एक गृहस्थ एके संध्याकाळी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. घर किंवा दिवाणखाना बांधण्यापूर्वी तो कसा दिसेल, ह्याची त्रिमित चित्रे संगणकावर रचण्याचे काम तो शिकत आहे. वडिलांनी दोन वर्षांची शिल्लक मोडून त्याला नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन दिले आणि घरच्या दहा वर्षांच्या जुन्या संगणकात ते बसवून घेतले. कार्ड नवे, पण मोठे चित्र उघडले की संगणक अडखळू लागे. बसवून देणाऱ्याने निदान सांगितले, "स्लॉट जुना आहे. कार्डाचा वेग त्यात मावत नाही. सगळा संगणकच बदला." गृहस्थ मला म्हणाले, "सर, मला ह्यातलं काही कळत नाही. पण पुन्हा तेवढेच पैसे घातले, तर दुकानातली शिलाईची नवी मशीन राहून जाईल. संगणक खरंच बदलायला हवा का, तेवढं सांगा."

मी त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही. स्लॉटचा वेग कार्डाच्या कामगिरीला कितपत बांधून ठेवतो, हा प्रश्न चाळीस वर्षांहून जुना आहे. आणि दर पाच-दहा वर्षांनी त्याचे उत्तर पालटत आले आहे. म्हणून आधी तो इतिहास सांगतो. त्या गृहस्थांना दिलेले उत्तर शेवटी येईल.

प्रथम ही मंडळी कोण ते पाहू. संगणकाची पेटी उघडली की आत एक मोठी पाटी दिसते. तिला मदरबोर्ड म्हणतात. तिच्यावर मुख्य प्रोसेसर असतो, मुख्य मेमरी असते, आणि लांबट अरुंद खाचा असतात. ह्या खाचा म्हणजे स्लॉट. पडद्यावरचे चित्र रचणारे ग्राफिक्स कार्ड अशाच एका स्लॉटमध्ये रोवलेले असते. कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो, तो आपला आचारी. कार्डावर स्वतःची मेमरी असते, ती चुलीशेजारची कोठी. मदरबोर्डावरची मुख्य मेमरी म्हणजे बाजार. आणि बाजारातून कोठीपर्यंत माल आणणारा रस्ता म्हणजे स्लॉट. एक गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. तयार झालेले चित्र पडद्याकडे जाते ते कार्डाला जोडलेल्या केबलीतून, स्लॉटमधून नव्हे. स्लॉटमधून जातो तो कच्चा माल आणि स्वयंपाकाच्या सूचना.

ह्या रस्त्याचा आरंभ १९८१ सालच्या ऑगस्ट महिन्यातला. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील बोका रॅटन येथे आयबीएम कंपनीच्या एका लहान गटाने जो वैयक्तिक संगणक सिद्ध केला, त्यात पाच स्लॉट होते. त्यांतून एका वेळी आठ बिट, म्हणजे एकच बाइट जात असे. आणि घड्याळाचे ठोके सेकंदाला ४७ लाख ७० हजार पडत. आज हे आकडे केविलवाणे वाटतात. परंतु त्या काळच्या चित्राला ते पुरेसे होते. आयबीएमच्या रंगीत चित्राच्या कार्डावर अवघी १६ किलोबाइट मेमरी होती, आणि ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे चार रंगांतले चित्र तेवढ्यात मावत असे. रस्ता अरुंद होता, पण पंगतही दोन माणसांची होती.

आयबीएमने ह्या स्लॉटचे आराखडे छापून सर्वांना उपलब्ध केले. त्यामुळे परक्या माणसालाही कार्ड बनवणे शक्य झाले. १९८२ साली निघालेले हर्क्युलिस कार्ड हे त्याचे सुंदर उदाहरण होय. व्हॅन सुवान्नुकुल ह्या थाई विद्यार्थ्याला आपला प्रबंध थाई लिपीत संगणकावर लिहावयाचा होता. आयबीएमचे कार्ड एक तर सुबक पण ठरावीक अक्षरे दाखवी, नाही तर रंगीत पण ओबडधोबड चित्र दाखवी. त्याने स्वतःच ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचे कार्ड रचले आणि त्यातून एक कंपनी उभी राहिली. देवनागरी पडद्यावर आणण्यासाठी आपल्याकडच्या मंडळींना काय यातायात करावी लागली हे जे जाणतात, त्यांना ह्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. खुला स्लॉट म्हणजे बाहेरच्या माणसाला उघडलेला दरवाजा होता.

१९८४ साली स्लॉटची रुंदी आठ बिटांवरून सोळा बिटांवर गेली. पुढे त्याच्या घड्याळाचा वेग सेकंदाला सुमारे ८० लाख ठोक्यांवर स्थिरावला. आणि येथेच पहिली कोंडी झाली. प्रोसेसर वर्षागणिक वेगवान होत चालले होते. १९८९ साली इंटेलचा ४८६ आला, तेव्हा त्याच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला अडीच कोटींच्या घरात गेले होते. परंतु जुनी कार्डे चालली पाहिजेत म्हणून स्लॉट मात्र आठ मेगाहर्ट्झवरच राहिला. १९९० साली विंडोज ३.० आले आणि अक्षरांच्या जागी खिडक्या, चित्रे, बाणाचे चिन्ह असा सारा चित्रमय संसार पडद्यावर अवतरला.

आता थोडे गणित करू. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३ लाख ७ हजार २०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट धरला, आणि चित्र सेकंदाला ३० वेळा बदलावयाचे म्हटले, तर सेकंदाला सुमारे ९२ लाख बाइट स्लॉटमधून जावयास हवेत. सोळा बिटांच्या त्या स्लॉटमधून एक खेप नेण्यास कमीत कमी दोन ठोके लागत. म्हणजे फार तर सेकंदाला ८० लाख बाइट, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पडद्यावरची खिडकी ओढली की ती मागे रेंगाळत, तुकड्या-तुकड्यांनी का सरकत असे, ह्याचे कारण ह्या दोन आकड्यांत आहे. स्लॉट हाच खरा अडसर होता असा ग्राफिक्सच्या इतिहासातील निःसंशय काळ कोणता, असे कुणी विचारले तर मी ह्या वर्षांकडे बोट दाखवीन.

ह्या कोंडीवर दोन प्रकारचे उपाय निघाले. पहिला उपाय रस्ता रुंद करण्याचा. आयबीएमने १९८७ साली मायक्रो चॅनल नावाचा नवा स्लॉट काढला होता. तो चांगला होता, परंतु त्याच्या वापरासाठी इतरांना आयबीएमला मोबदला द्यावा लागे. म्हणून कॉम्पॅकच्या पुढाकाराने १९८८ साली नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपला निराळा स्लॉट ठरवला. तोही महागामुळे सामान्यांच्या संगणकात फारसा शिरला नाही. १९९२ साली व्हेसा लोकल बस आली. तिने स्लॉटचा संबंध थेट ४८६ प्रोसेसरच्या स्वतःच्या तारांशी जोडला; ३२ बिटांची रुंदी, ३३ मेगाहर्ट्झचा वेग, आणि कागदोपत्री सेकंदाला १३३ मेगाबाइट. पण प्रोसेसरच्या दारातच हा बाजार भरल्यामुळे दोन-तीनांहून अधिक कार्डे बसवली की गोंधळ उडे; आणि प्रोसेसरची पिढी बदलताच हा स्लॉटही मागे पडला. त्याच १९९२ साली इंटेलने पीसीआय हा स्लॉट मांडला. वेग तोच, १३३ मेगाबाइट. परंतु तो प्रोसेसरपासून अलग, शिस्तबद्ध आणि सर्वांना खुला होता. तो पुढे बारा-पंधरा वर्षे टिकला.

दुसरा उपाय अधिक चतुर होता. तो म्हणजे रस्त्यावरून मालच कमी पाठवण्याचा. १९९१ साली एस३ कंपनीने जी ८६सी९११ नावाची चिप काढली, तिला विंडोजच्या सामान्य क्रिया स्वतःला करता येत. पडद्यावर एक निळा चौकोन रंगवावयाचा असला, तर पूर्वी मुख्य प्रोसेसर त्यातला एकेक ठिपका स्लॉटमधून ढकलीत असे. आता तो केवळ निरोप धाडी: अमुक जागी, अमुक लांबी-रुंदीचा, निळा चौकोन. हजारो बाइटांच्या जागी पंधरा-वीस बाइट पुरू लागले. आचाऱ्याला शिजलेले अन्न पाठवण्याऐवजी पदार्थाचे नाव कळवले की काम भागते, हे ह्या मंडळींनी ओळखले. तेव्हापासून आजतागायत ग्राफिक्स कार्डाची सारी प्रगती ह्या एका तत्त्वावर चालली आहे. आणि म्हणूनच स्लॉट दुप्पट वेगवान झाला तरी चित्र दुप्पट वेगाने उमटत नाही.

१९९६ साली त्रिमित खेळांची लाट आली आणि टेक्श्चर हा नवा माल बाजारात उतरला. टेक्श्चर म्हणजे भिंतीला विटांचे, जमिनीला गवताचे, दाराला लाकडाचे रूप देणारे चित्रांचे तुकडे. खेळ जितका देखणा, तितकी टेक्श्चरे अधिक. त्या वर्षी निघालेले ३डीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसे. परंतु त्याच्यावर चार मेगाबाइट मेमरी होती, आणि तिचा निम्मा भाग केवळ टेक्श्चरांसाठी राखलेला होता. माल एकदा कोठीत भरला की रस्त्याची गरज उरत नसे. ह्या कार्डाने त्या काळी लोकांना थक्क केले.

इंटेलने ह्याच प्रश्नाचा विचार उलट बाजूने केला. मेमरी महाग आहे. मग प्रत्येक कार्डावर ती निराळी का ठेवावी? रस्ताच इतका रुंद करू की टेक्श्चरे मुख्य मेमरीत ठेवून लागतील तशी ओढता येतील. ह्या विचारातून १९९६ साली एजीपी नावाचा, केवळ ग्राफिक्स कार्डासाठी राखलेला स्लॉट जाहीर झाला. त्याचा पहिला वेग सेकंदाला २६६ मेगाबाइट होता, आणि पाठोपाठ ५३३ झाला. ह्या कामी ज्यांचे नाव घेतले जाते, त्यांत अजय भट्ट हे एक आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेत गेले आणि १९९० साली इंटेलमध्ये रुजू झाले. यूएसबीचे एक जनक म्हणून जग त्यांना ओळखते; परंतु एजीपी आणि पुढचे पीसीआय एक्सप्रेस ह्यांच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा आहे. बडोद्याच्या आमच्या श्रोत्यांना हे ऐकून समाधान वाटेल.

रस्ता उत्तम होता. पण तो कोठीची जागा घेईल ही कल्पना मात्र फसली. १९९८ सालच्या फेब्रुवारीत इंटेलने आय७४० हे कार्ड बाजारात आणले. त्याच्या घडणीत रिअल३डी ह्या कंपनीचा हात होता. वैमानिकांच्या शिक्षणासाठी कृत्रिम दृश्ये रचण्याची परंपरा तिच्या पाठीशी होती. ह्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत टेक्श्चरांना जागाच नव्हती. ती सारी एजीपीमार्गे मुख्य मेमरीतून आणावयाची. हिशेब करून पाहा. त्या वेळच्या ६६ मेगाहर्ट्झच्या मुख्य मेमरीची एकूण क्षमताच सेकंदाला ५३३ मेगाबाइट होती. म्हणजे रस्ता पूर्ण वेगाने धावला, तर बाजारातला सगळा माल एकटे कार्ड उचलणार. मग मुख्य प्रोसेसरने काय खावे? परिणामी दोघेही अर्धपोटी राहिले. गंमत अशी की ह्याच चिपचे एक कार्ड जुन्या, संथ पीसीआय स्लॉटसाठीही निघाले. त्या रस्त्यावरून टेक्श्चरे ओढणे शक्य नव्हते, म्हणून त्याच्यावर निराळी मेमरी बसवणे भाग पडले. आणि काही चाचण्यांत हे जुन्या स्लॉटचे कार्डच नव्या स्लॉटच्या कार्डापेक्षा सरस ठरले! दीड वर्षाच्या आत, १९९९ च्या ऑगस्टमध्ये, इंटेलने आय७४० मागे घेतले.

त्याच १९९९ साली एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ह्या चिपने त्रिमित आकृत्या फिरवण्याचे आणि त्यांवर प्रकाश पाडण्याचे गणितही मुख्य प्रोसेसरकडून आपल्याकडे घेतले. आचारी अधिक स्वयंपूर्ण झाला. २००२ पर्यंत एजीपीचा वेग सेकंदाला सुमारे २१३३ मेगाबाइटपर्यंत चढला. तथापि वेग दुप्पट झाला म्हणून खेळ दुप्पट सुरळीत चालले, असे काही झाले नाही. माल बहुतांशी कोठीतच होता.

२००३ साली पीसीआय एक्सप्रेसचे पहिले मानक स्थिरावले आणि पुढल्या वर्षी ते घरगुती संगणकांत आले. आज आपल्या संगणकात आहे तो हाच स्लॉट. त्याची रचना मुळातच निराळी आहे. पूर्वी ३२ तारांवरून ३२ बिट एकदम निघत आणि ते सारे एकाच क्षणी पोहोचावे लागत. वेग वाढवला की कोणी आधी, कोणी मागून पोहोचू लागे. कवायतीतली रांग धावू लागली की मोडते, तसेच हे. म्हणून नव्या स्लॉटमध्ये स्वतंत्र लेन केल्या. प्रत्येक लेनवरून बिट एकामागून एक धावतात. जाण्याची व येण्याची वाट वेगळी असते. आणि लागतील तितक्या लेन शेजारी-शेजारी जोडता येतात: एक, चार, आठ किंवा सोळा. पहिल्या पिढीत एका लेनवरून एका दिशेने सेकंदाला २५० मेगाबाइट जात. सोळा लेन मिळून ४ गिगाबाइट. २००७ च्या दुसऱ्या पिढीत ते ८ झाले; २०१० च्या तिसऱ्या पिढीत पावणेसोळा; २०१७ च्या चौथ्या पिढीत साडेएकतीस; २०१९ च्या पाचव्या पिढीत सुमारे ६३. सहावी आणि सातवी पिढी अनुक्रमे २०२२ व २०२५ साली कागदावर उतरली आहे.

पहिल्या पिढीच्या आगमनाच्या वेळी एक बोलकी गोष्ट घडली. एनव्हिडियाने एजीपीसाठी घडवलेल्या आपल्या चिपांना मध्ये एक दुभाषी चिप जोडून त्या नव्या स्लॉटमध्ये बसवल्या, आणि पुढे उलट दिशेनेही तेच केले. परीक्षकांनी दोन्ही स्लॉटमधली कार्डे ताडून पाहिली, तर बहुतेक खेळांत फरक जाणवण्याजोगा नव्हता. रस्ता दुप्पट रुंद झाला होता, पण जुना रस्ताच अजून भरलेला नव्हता.

मग स्लॉटचा वेग निरर्थक आहे काय? नाही, आणि येथेच आमच्या शिंपीदादांच्या प्रश्नाशी आपण येऊन ठेपतो. दोन कार्डे शेजारी ठेवून पाहू. २०२२ सालच्या अखेरीस आलेले जीफोर्स आरटीएक्स ४०९० हे त्या काळचे अतिशय महागडे कार्ड. त्याच्यावर २४ गिगाबाइट मेमरी आहे, आणि त्या मेमरीतून सेकंदाला १००८ गिगाबाइट माल उचलता येतो. त्याच्या स्लॉटचा रस्ता साडेएकतीस गिगाबाइटांचा. म्हणजे कोठीची वाट बाजाराच्या वाटेपेक्षा बत्तीसपट रुंद. ह्या कार्डाला मुद्दाम तिसऱ्या पिढीच्या, निम्म्या वेगाच्या स्लॉटमध्ये बसवून खेळांची परीक्षा घेतली, तेव्हा सरासरी घट शेकडा दोन-तीनच्या आसपासच आढळली. त्याला रस्ता फारसा लागतच नाही.

आता दुसरे कार्ड. त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त गटातले. त्याच्यावर मेमरी चार गिगाबाइट, आणि स्लॉट लांबीला पुरा असला तरी कार्ड लेन वापरते चारच. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याला सुमारे ८ गिगाबाइटांचा रस्ता मिळतो; तिसऱ्या पिढीच्या जुन्या संगणकात अवघा ४ गिगाबाइटांचा. परीक्षकांना जुन्या स्लॉटमध्ये कित्येक खेळांत ठळक घट दिसली. कारण उघड आहे. कोठी चारच गिगाबाइटांची. खेळाची टेक्श्चरे तीत मावत नाहीत. म्हणून पुन्हा पुन्हा बाजार गाठावा लागतो, आणि बाजाराची वाट बोळाएवढी. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआय ह्या कार्डाने तर ह्या प्रश्नाचा जणू प्रयोगच मांडून दिला. चिप एकच, लेनही आठच. पण मेमरी एकात ८ गिगाबाइट, दुसऱ्यात १६. जुन्या स्लॉटमध्ये बसवल्यावर मेमरीचा मोठा घास घेणाऱ्या खेळांत ८ गिगाबाइटांचे कार्ड कितीतरी अधिक लंगडते, १६ गिगाबाइटांचे थोडक्यात निभावते.

ह्यातली विषम गोष्ट माझ्या मनाला लागली ती ही. श्रीमंताचे कार्ड जुन्या रस्त्यावरही चालते. गरिबाच्या कार्डाला नवा रस्ता लागतो. आणि स्वस्त कार्ड घेणारा माणूस हाच बहुधा जुना संगणक राखून असतो. ज्याच्याजवळ नवा मदरबोर्ड घेण्यास पैसा नाही, नेमके त्यालाच स्लॉटचा वेग अडवतो. मेमरी महाग म्हणून ती तोडावी आणि तिची उणीव रस्त्याने भरून काढावी, हा १९९८ साली फसलेला विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. आणि त्याची किंमत शेवटी लहान ग्राहक मोजतो.

असो. त्या गृहस्थांच्या घरी मी एका रविवारी गेलो. मुलाकडून संगणकाची पेटी उघडवली. मदरबोर्डावर दोन लांब स्लॉट होते. वरचा प्रोसेसरच्या पंख्याजवळ येतो, अडचण होते, म्हणून बसवणाऱ्याने कार्ड खालच्यात बसवले होते. दिसायला दोन्ही सारखे. परंतु खालच्या स्लॉटला लेन चारच होत्या, त्याही दुसऱ्या पिढीच्या. म्हणजे सेकंदाला २ गिगाबाइटांचा रस्ता. वरचा तिसऱ्या पिढीचा, पुऱ्या सोळा लेनचा. त्यांचे कार्ड त्यातल्या आठ वापरते, तरी रस्ता जवळजवळ ८ गिगाबाइटांचा होतो, चौपट. जीपीयू-झेड नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम आहे. कार्डाला प्रत्यक्षात किती लेन आणि कोणती पिढी मिळाली, हे तो पडद्यावर दाखवतो. मुलाने कार्ड वरच्या स्लॉटमध्ये बसवले, आकडे बदललेले पाहिले. नंतर त्याने आपल्या चित्रातली अवाजवी मोठी टेक्श्चरे लहान केली, जेणेकरून सारा माल कार्डाच्या आठ गिगाबाइट मेमरीत मावेल. अडखळणे थांबले. नव्या संगणकाचा वेग त्याला आला असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांचा प्रोसेसर दहा वर्षांचाच राहतो. पण काम चालू लागले.

तेव्हा, श्रोतेहो, ग्राफिक्स कार्ड घेताना किंवा मुलांना घेऊन देताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. कार्डावर मेमरी किती? कार्ड लेन किती वापरते? आणि आपल्या मदरबोर्डावरचा स्लॉट कितव्या पिढीचा व किती लेनचा? संगणक जुना असेल आणि दोन कार्डांत निवड करावयाची असेल, तर थोडा वेगवान आचारी सोडून मोठी कोठी घ्यावी. आणि कोणी सगळा संगणक बदला म्हणाला, तर पैसे मोजण्यापूर्वी कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये बसले आहे, एवढे तरी पाहून घ्यावे.

पुढच्या महिन्यात त्या गृहस्थांच्या दुकानावरून गेलो, तेव्हा दाराशी शिलाईची नवी मशीन मांडलेली होती. काजे करण्याचे पाऊल तिला जोडून ते मापाचा कपडा सारखा करीत होते. आत मुलगा आपल्या संगणकावर कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या भिंती रंगवीत होता.